लपलेला सुळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कळंबहून मुरबाडच्या रस्त्याने निघाले की पुढे म्हसा लागते. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार भरतो. लहानपणी वडिलांबरोबर मी यात्रेला जायचो, तेव्हा बैलांपेक्षा मला एका माणसाचे आकर्षण जास्त होते. तो जमिनीवर फडके अंथरून बसे. फडक्यावर एक चिमटा, दोन बाटल्या आणि शेजारी उपटलेल्या दातांची रास. ती रास हीच त्याची पाटी आणि हेच त्याचे प्रमाणपत्र. एकदा त्याने राशीतला एक लांबलचक दात उचलून मला दाखवला आणि म्हणाला, "हा सुळा. तोंडातला सगळ्यात हट्टी गडी. म्हातारपणी बाकीचे गेले तरी हा बसून असतो."

त्याचे म्हणणे बरोबर होते, हे मला फार पुढे कळले. पण जो सुळा बाहेर येतच नाही, आतल्या आत लपून राहतो, त्याची त्याला कल्पना नव्हती. मलाही नव्हती. आणि नेमका असा एक सुळा त्याच वेळी आमच्या घरात, माझ्या थोरल्या बहिणीच्या टाळूत आडवा पडून होता.

श्रोतेहो, मी दंतवैद्य नाही. कर्जत तालुक्यातल्या शाळांमधून मी आयुष्यभर इतिहास शिकवला. इतिहास म्हटले की आपल्याला गड, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज मी एका दाताचा इतिहास सांगणार आहे. जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेऊन, वाचून, आणि थोडा घरातल्या अनुभवातून जमवलेला.

आधी हा दात कोणता ते पाहू. आरशासमोर तोंड उघडले की मधोमध वर चार पटाशीचे दात दिसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना टोकदार असतो तो सुळा. त्यामागे उपदाढा, मग दाढा. सुळा आणि डोंगराचा सुळका हे शब्द भावंडे वाटावेत, इतका तो टोकदार. जबड्याच्या कोपऱ्यावरचा हा खांब आहे. वरच्या ओठाला आणि गालाला आकार देतो, घास तोडतो. त्याचे मूळ सर्व दातांत लांब, म्हणून तो हट्टी.

पण या खांबाचा प्रवास फार अवघड असतो. मूल चार-पाच महिन्यांचे असतानाच वरच्या कायमच्या सुळ्याचे अंकुर घट्ट होऊ लागते. ते असते पार वर, नाकपुडीच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या अंगाला. तिथून त्याला हाडातून वाट काढत खाली यायचे असते. शेजारचे पटाशीचे दात सातव्या-आठव्या, नवव्या वर्षापर्यंत येऊन बसतात. पुढची उपदाढही बहुधा त्याच्या आधी येते. सुळा उगवतो तो अकराव्या-बाराव्या वर्षी. एसटीत सर्वांच्या शेवटी चढणाऱ्याची जी गत, तीच त्याची. जागा उरली तर बसायला मिळते. नाही मिळाली तर तो बाहेरच्या बाजूने, हिरडीत उंचावर डोकावतो. त्यालाच आपण दातावर दात म्हणतो. किंवा मग तो बाहेर येतच नाही.

जागा भरपूर असूनही काही सुळे वाट चुकतात. खाली उतरताना तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाचा आधार घेत, कठड्याला धरून जिना उतरावा तसा सरकतो. तो शेजारी दात मुळातच नसला किंवा खुंटलेला, बारीक असला, तर कठडाच नाहीसा होतो आणि सुळा टाळूकडे वळतो. काही तज्ज्ञ म्हणतात की हे सारे आनुवंशिक आहे, एकाच घरात हे पुन्हा पुन्हा दिसते. दोन्ही मते अजून नांदत आहेत. साधारण शंभरातल्या दोघांचा वरचा सुळा असा अडकतो, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त आढळते. अक्कलदाढ सोडली तर अडकून राहण्यात सुळ्याचाच नंबर लागतो.

आता अक्काची गोष्ट. १९७१ साली ती तेरा वर्षांची होती आणि मी दहा. तिच्या डाव्या बाजूचा दुधाचा सुळा पडला नव्हता. बाकी सगळे दात मोठे आणि मध्येच तो तांदळाच्या दाण्यासारखा. आम्ही भावंडे तिला त्यावरून चिडवत असू. आजी म्हणायची, "राहू दे. राहिलेला दात शुभ असतो." शिवाय वरचा दात काढला तर डोळा जातो, ही भीती घरोघर होती. डोळ्याच्या नसेशी या दाताचा काही संबंध नसतो. पण गंमत अशी की इंग्रजीतही या वरच्या सुळ्याला डोळ्याचा दात असेच म्हणतात. म्हणजे ही समजूत केवळ आमच्या कळंबची नव्हती. आणि मुख्य म्हणजे दुखत नव्हते. न दुखणारा दात घेऊन डॉक्टरकडे जायचे, ही कल्पनाच तेव्हा आमच्याकडे नव्हती. सकाळी कडुलिंबाची किंवा करंजाची काडी चावली की दातांची काळजी संपली. आजीची मिश्री वेगळी.

१९७८ साली अक्काचे लग्न ठरले आणि त्याच सुमारास दुधाच्या सुळ्याच्या शेजारचा तिचा पटाशीचा दात हलू लागला. कीड नाही, मार नाही, वीस वर्षांच्या मुलीचा दात हलतो आहे. वडील तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्स-रे काढला नाही. त्यांच्याकडे यंत्रच नव्हते. हलणारा दात काढला, प्लेट लावून खोटा दात बसवला. पुढे दुधाचा सुळाही पडला. लग्नाच्या फोटोत अक्काने ओठ मिटून घेतले आहेत. नंतर हसताना तोंडावर हात धरायची तिला सवयच लागली. सासरच्यांना वाटे, सून फार लाजाळू आहे.

२००३ साली तिची टाळू सुजली. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. या वेळी पूर्ण जबड्याचा एक्स-रे निघाला. फिनलंडमधल्या पाटेरो नावाच्या दंततज्ज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर विकसित केलेले हे तंत्र. यंत्र डोक्याभोवती फिरते आणि कानापासून कानापर्यंतचे सगळे दात एका पट्टीवर उमटतात. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडावर धरली. पुढच्या दातांच्या मुळांवर, भिंतीत आडवा खिळा अडकावा तसा पूर्ण वाढलेला सुळा पडला होता. त्याच्या डोक्याभोवती पाण्याची पिशवी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "तुमचा पुढचा दात उगाच हलला नसावा. बहुधा या सुळ्याने आतून त्याचे मूळ खाल्ले." शस्त्रक्रिया करून सुळा आणि ती पिशवी काढावी लागली.

घरी येताना नेरळच्या फलाटावर अक्काने मला विचारले, "तू इतिहासाचा मास्तर ना? मग सांग, तेव्हा हे कोणाला ठाऊकच नव्हतं का रे?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात माझी पुढची काही वर्षे गेली. आज जे सांगतो आहे ते तेच उत्तर आहे.

वेड्यावाकड्या दातांची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्यांना कराल म्हटले असून असाध्य व्याधींत टाकले आहे. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात वाकडे दात पट्टी आणि दोऱ्याने सरळ करण्याचा उपाय आहे. पण हे सारे दिसणाऱ्या दातांबद्दल. हाडात दडलेला दात दिसणार कसा?

ते शक्य झाले ८ नोव्हेंबर १८९५ नंतर. त्या दिवशी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. शोध जाहीर झाल्यावर पंधरवड्याच्या आतच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग गावच्या ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढून घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी तोंडात धरून तो पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहिला. आज हे काम क्षणात होते, आणि किरणांची मात्राही अगदी कमी असते.

पण एका फोटोने काम भागेना. फोटो सपाट असतो. दात आहे हे दिसते, पण तो टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे कळत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने चीर कुठे द्यायची? याचे उत्तर लंडनमध्ये १९१० साली क्लार्क यांनी दिले, आणि ते इतके सोपे आहे की शाळेत शिकवता यावे. कळंबच्या बाजूने एसटीने जाताना खिडकीतून पाहा. रस्त्याकडेची झाडे झपाझप मागे पळतात. लांबचा पेठचा किल्ला मात्र आपल्याबरोबर पुढे येतो आहे असे वाटते. क्लार्क यांनी तेच केले. नळी थोडी सरकवून एकाच जागेचे दोन एक्स-रे काढायचे. लपलेला दात नळीच्या दिशेने सरकलेला दिसला तर तो लांब, म्हणजे टाळूच्या बाजूला. उलट दिशेने सरकला तर जवळ, म्हणजे ओठाच्या बाजूला. दोन छोट्या फिल्म आणि थोडी अक्कल, बस्स. आता जबड्याचा त्रिमितीय स्कॅन निघतो. त्यातून हेही कळले की शेजारच्या दातांची मुळे आपण समजत होतो त्याहून अधिक वेळा खाल्ली जातात. पण क्लार्क यांची युक्ती आजही वापरात आहे.

दात दिसला. तो जागेवर आणायचा कसा? हाडात बसलेला दात हलतो कसा, हे १९०४-०५ मध्ये स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून दाखवले. हलका, सतत ताण दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरून येते. दात हाड फोडून जात नाही. हाडच त्याला वाट करून देते. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वाकड्या दातांचे वर्गीकरण मांडले होते, आणि त्यांच्याच हयातीत तारांचे शास्त्र उभे राहिले.

तरीही लपलेला सुळा कित्येक दशके डॉक्टरांना त्रास देत राहिला. हिरडी उघडून दात दिसला, तरी त्या गुळगुळीत दाताला तार बांधायची कशी? कोणी दाताच्या मानेभोवती तारेचा फास टाकत; त्याने दाताला आणि हाडाला इजा होई. कोणी चक्क चांगल्या दाताला भोक पाडून त्यात खिळी बसवत. म्हणून पुष्कळदा तो उपटून टाकणेच सोयीचे ठरे.

तोड निघाली ती रंगाच्या कारखान्यातून. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्लाचा हात देत. अमेरिकेतल्या मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ साली तेच दाताच्या वेष्टनावर करून पाहिले. आम्लाने दातावर सूक्ष्म खाचा पडतात आणि त्यांत चिकटद्रव्य घट्ट धरते. पुढे १९६५ च्या सुमारास जॉर्ज न्यूमन यांनी तारेची बटणे थेट दातावर चिकटवायला सुरुवात केली. आता फास नको, भोक नको. हिरडीला छोटी चीर द्यायची, दाताचा थोडा भाग उघडा करायचा, त्यावर बटण चिकटवायचे, बारीक साखळी बाहेर काढायची आणि बाकीच्या दातांवरच्या तारेला बांधून सुळा हळूहळू खाली ओढायचा. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. घाई केली तर दाताचे मूळ झिजते.

हे झाले जगाचे. आपल्याकडे काय होते? भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली सुरू केले. त्याचा खर्च त्यांनी सुरुवातीला स्वतःच्या आइस्क्रीम-सरबताच्या दुकानातून भागवला. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात नोंदणीचे दोन भाग होते: एक पदवीधरांचा आणि दुसरा पदवी नसलेल्या, पण आधीपासून याच धंद्यावर पोट असलेल्यांचा. इतक्या मोठ्या देशात पदवीधर इतके थोडे होते की दुसऱ्या भागावाचून चालणारच नव्हते. फडके अंथरून बसणाऱ्यांना त्यात जागा नव्हती, पण त्यांचा धंदा चालू राहिला, कारण लोकांना दुसरे कोणी नव्हते. आणि १९६५ साली मुंबईतच, दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संस्था स्थापन झाली.

आता अक्काच्या प्रश्नाकडे येऊ. १९७१ साली हे कोणाला ठाऊक होते का? एक्स-रे पंचाहत्तर वर्षांचा जुना झाला होता. क्लार्क यांची युक्ती साठ वर्षांची. दाताला बटण चिकटवण्याची कला नवी होती, पण होती. मुंबईत महाविद्यालय होते, तज्ज्ञ होते. कळंबहून नेरळ दहा-पंधरा किलोमीटर, आणि नेरळवरून आगगाडी १८५६ पासून धावते आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत नायरला पोहोचू शकत होता.

म्हणजे ठाऊक होते. फक्त आम्हाला ते ठाऊक असणाऱ्याकडे जा, असे सांगणारे कोणी नव्हते. वडिलांना दोष देणे सोपे आहे. पण एक दिवसाची मजुरी, दोघांचे भाडे, आणि तेही न दुखणाऱ्या दातासाठी, मुलीच्या दातासाठी? त्या डॉक्टरांनाही मी फार दोष देत नाही. त्यांच्याकडे यंत्र नव्हते. त्यांनी "मुंबईला जाऊन फोटो काढून या" एवढे म्हणायला हवे होते, इतकेच.

मात्र एक गोष्ट १९७१ साली खरोखरच पुरेशी सिद्ध झालेली नव्हती, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. १९८८ साली स्वीडनमधल्या एरिकसन आणि क्युरोल या दोघांनी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांमध्ये टाळूकडे वळलेले ४६ सुळे त्यांनी निवडले आणि प्रत्येक ठिकाणी फक्त दुधाचा सुळा काढून टाकला. शस्त्रक्रिया नाही, तार नाही. त्या ४६ पैकी ३६ सुळे आपोआप वाटेवर आले. जे फार वळलेले नव्हते त्यांत यश जास्त, फार वळलेल्यांत कमी. म्हणजे दात अडकल्यावर सोडवण्यापेक्षा, अडकण्याआधी ओळखणे सोपे. अट एकच, वेळ चुकता कामा नये.

आणि ओळखायला काय लागते? एक बोट. मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की हात स्वच्छ धुवून, वरचा ओठ उचलून, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर बोट फिरवायचे. आत येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा बोटाला लागतो. दोन्हीकडे लागला तर निर्धास्त राहा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, किंवा अकरावे वर्ष आले तरी कुठेच लागत नाही, तर दंतवैद्याला दाखवा. एकीकडचा दुधाचा सुळा पडून नवा आला आणि दुसरीकडचा सहा महिन्यांनंतरही घट्टच आहे, तरी दाखवा. पटाशीचा दात अचानक तिरका होऊ लागला, तरी दाखवा. मात्र आपल्या मनाने दुधाचा दात उपटू नका. आत कायमचा दात आहे का, कुठे आहे, हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

२०१९ साली अक्काची नात दहा वर्षांची झाली. सुट्टीत ती कळंबला आली, तेव्हा अक्काने स्वतःच तिला ओट्यावर उजेडात बसवले आणि बोट फिरवले. उजवीकडे उंचवटा लागला. डावीकडे लागला नाही. आजीचीच बाजू. अक्काचा चेहरा उतरला. आठवड्याच्या आत आम्ही एक्स-रे काढला. आता मुंबईपर्यंत जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातच खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालये आहेत. सुळा टाळूकडे कलला होता, पण फार नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचे अंतर मोजले, दुधाचा सुळा काढला आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. पुढच्या एक्स-रेत तो वळणावर आला होता. नंतर टाळेबंदीत आमची एक फेरी चुकली, पण सुळा थांबला नाही. बाराव्या वर्षी तो जागेवर आला. तार लावावी लागली नाही.

प्रत्येकाचे असे होईलच असे नाही. दहापैकी दोन-तीन मुलांना तरीही शस्त्रक्रिया आणि तारा लागतात, आणि तो खर्च सामान्य घराला जड जातो. म्हणून तर वेळेवर फिरवलेल्या बोटाचे मोल.

आमच्या परिसरात आजही ठाकूर, कातकरी वाड्यांवरची मुले आश्रमशाळांत शिकतात. त्यांच्या तोंडात कोण पाहते? शाळेच्या तपासणीत किडलेले दात मोजले जातात; न आलेला दात मोजायचा राहून जातो, कारण नसलेल्या गोष्टीकडे लक्ष जात नाही. चौथी-पाचवीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वजन-उंची घेता, त्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टरांना एवढे विचारा की सुळ्यांचे उंचवटे लागतात का.

नातीचा पहिला एक्स-रे घरी आणला तेव्हा अक्काने तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. मग कपाटातून २००३ ची आपली फिल्म काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. "माझाही दहाव्या वर्षी एवढाच कलला असेल, नाही?" तिने विचारले. मी म्हटले, असेल. तिने दोन्ही फिल्म एकाच पाकिटात घातल्या आणि पाकिटावर नातीचे नाव लिहून ते परत कपाटात ठेवले. म्हणाली, "हिच्या मुलांच्या वेळी लागेल."